खाडीवरून लोकल गेली, पैसे कोणी भरले?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. नुसता अंगठा देऊन पुढं जाऊ नका.

मागच्या आठवड्यात दौलताबादच्या वेशीतल्या ट्रॅफिक जामचा फोटो टाकला होता. त्याखाली पन्नासेक प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या निम्म्या एकाच सुराच्या होत्या: "भाऊ, मुंबईला समुद्रावरून ट्रेन जाते, आपल्याला साधा रस्ता मिळत नाही." "मराठवाड्यावर कायम अन्याय." "शेंद्रा-वाळूज मेट्रोचं काय झालं?" अन्यायाची गोष्ट खरी आहे, मी वीस वर्षं तेच लिहीत आलोय. पण समुद्रावरून ट्रेन गेली ती कशी गेली, कोणाच्या पैशानं गेली आणि त्यात कोणाचं काय गेलं, हे आपल्याकडं फारसं कोणाला माहीत नाही. ते माहीत झालं तर आपली मागणीसुद्धा जरा वेगळी होईल, म्हणून हे लिहितोय.

(खुलताबाद म्हटलं की बाहेरच्यांना एकच विषय आठवतो. त्यावर आज एक अक्षर नाही. कमेंटमध्येही नको.)

माझा मावसभाऊ नवी मुंबईत उलव्याला राहतो. उरणच्या बंदराजवळ एका कंटेनर यार्डात कामाला आहे. आपल्या तालुक्यातली अशी पोरं तुम्हालाही माहीत असतील. कोणी वाशीच्या मार्केटात, कोणी सुरक्षा रक्षक, कोणी ड्रायव्हर. आपलं अद्रक ट्रकमधून जातं तसंच माणूसही जातं. परवा त्याच्याकडं चार दिवस राहून आलो आणि त्या निमित्तानं दोन्ही खाड्या लोकलनं ओलांडल्या. एक ठाण्याची खाडी, मानखुर्द ते वाशी. दुसरी पनवेलची खाडी, नेरूळ-बेलापूरकडून उलव्याकडं जाताना लागते ती.

ठाण्याची खाडी मला नवी नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर २००३ च्या सुमारास मी वर्षभर मुंबईत एका साप्ताहिकात काम केलं. साप्ताहिकाचं नाव सोडा, पगार तीन-तीन महिने व्हायचा नाही. नेरूळला चौघांत एक खोली होती आणि रोज हार्बर लाइननं सीएसटीला जायचो. तेव्हा हार्बरची लोकल नऊ डब्यांची होती, बारा डब्यांची झाली २०१६ मध्ये. गर्दी अशी की खिशातला रुमाल काढता यायचा नाही. मानखुर्द सुटलं की दोन-तीन मिनिटं दोन्ही बाजूंनी पाणी, आणि तेवढ्यापुरता वारा आत यायचा. कोणीतरी पिशवीतलं निर्माल्य दारातून खाली टाकायचं. खाली मासेमारी करणाऱ्याची होडी असेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं नाही. त्याच खाडीत हजारो फ्लेमिंगो येतात. आज ते अभयारण्य आहे आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे.

आता मुद्द्यावर येतो.

नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या आसपास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. मुंबई उत्तरेकडं लांबत चाललीय, तिला खाडीपलीकडं पूर्वेला जागा द्या, असं त्यांचं म्हणणं. सरकारला पटलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनासाठी घोषित झाली. १९७३ मध्ये वाशीचा रस्त्याचा पूल झाला. पण सरकार स्वतः काही तिकडं गेलं नाही. मंत्रालय हललं नाही, उलट समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभा राहिला. वाशीत घरं होती, पण रोज मुंबईला बसनं ये-जा करणं म्हणजे शिक्षा. वीस वर्षं नवी मुंबई रांगत राहिली.

ती उभी राहिली ९ मे १९९२ नंतर. त्या दिवशी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. पुढं नेरूळ, बेलापूर आणि १९९८ मध्ये पनवेल. २००४ मध्ये ठाण्याकडूनही गाडी जोडली गेली.

आता हे नीट वाचा. या रेल्वेचा खर्च दिल्लीनं एकटीनं केलेला नाही. खर्चाचे ६७ टक्के सिडकोनं भरले, ३३ टक्के रेल्वेनं. सिडकोकडं पैसा कुठून आला? जमीन विकून. खाडीपलीकडची जमीन आधी स्वस्तात घेतली, तिच्यावर रस्ते-पाणी केलं, रेल्वे येणार म्हणून भाव वाढला, त्या वाढलेल्या भावात भूखंड विकले आणि त्यातून रेल्वे आणली. वाशी, बेलापूरची स्टेशनं बघितलीत ना? स्टेशन कमी, ऑफिसची इमारत जास्त वाटते. ती उगाच नाही, तीही कमाईच. शिवाय या मार्गावरच्या प्रवाशांकडून तिकिटावर वर्षानुवर्षं अधिभार घेतला गेला. म्हणजे मी २००३ मध्ये पास काढत होतो तेव्हा त्या पुलाचा एखादा खिळा माझ्याही पैशाचा असेल.

थोडक्यात, रेल्वेमुळं जमिनीचा भाव वाढतो आणि तो वाढलेला भाव सार्वजनिक तिजोरीत आला तर त्यातूनच रेल्वे होऊ शकते. हाँगकाँगची मेट्रो याच हिशोबावर चालते. स्टेशनवर आणि भोवती इमारती बांधून, त्यांच्या पैशातून रूळ टाकायचे. यात जादू काही नाही. वाढलेला भाव कोणाच्या खिशात जातो, एवढाच सवाल आहे.

पण थांबा. इथवर वाचून "वा, सिडको भारी" असं म्हणणार असाल तर उरणच्या गाडीत बसा.

नेरूळ-बेलापूर-उरण ही दुसरी लाइन. तीसुद्धा सिडको आणि रेल्वेनं त्याच ६७-३३ च्या वाटणीनं केलेली, एकूण सुमारे २७ किलोमीटर. मंजुरी नव्वदच्या दशकातली. पहिला टप्पा खारकोपरपर्यंत, तो सुरू झाला नोव्हेंबर २०१८ मध्ये. उरणपर्यंतचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं झालं त्याच दिवशी. एका पिढीची पोरं शाळेत गेली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, तेव्हा गाडी आली. मधल्या काळात उलव्यात बिल्डिंगा आधी उभ्या राहिल्या. "रेल्वे येणार" म्हणून घरं विकली गेली आणि घेणाऱ्यांनी रेल्वेविना वर्षं काढली. माझी वहिनी नेरूळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी संपली की बस, नाहीतर शेअर रिक्षा. ती म्हणाली, "भावजी, आता गाडी आहे म्हणून तरी नोकरी टिकली, नाहीतर दुसरं लेकरू झाल्यावर सोडणारच होते." गाड्या सुरुवातीला साधारण तासाला एक होत्या. एक चुकली की गेला तास. तरी ती गाडीलाच दुवा देते.

उरण म्हणजे समुद्राचं गाव. तिथं जायचं तर पूर्वी एसटी, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच. ओहोटीला मोऱ्याच्या जेट्टीला गाळ लागला की लाँच बंद. आता सीवूड्सला बदलायचं आणि खाडी ओलांडून थेट उरण. डब्यात माझ्या शेजारी जासईकडचे एक म्हातारे काका बसले होते. मी कुठला म्हणून विचारलं. म्हणलं, खुलताबादचा, वेरूळजवळ. तर म्हणाले, "लेणीवाले. आमच्या तालुक्यात पण लेणी आहे, घारापुरी."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. वेरूळ खुलताबाद तालुक्यात, घारापुरी उरण तालुक्यात. दोन्ही जागतिक वारसा, वेरूळ १९८३ पासून, घारापुरी १९८७ पासून. दोन्हीकडं डोंगरात कोरलेला महादेव, जगभरचे पाहुणे आणि भोवती सरकारच्या प्रकल्पांची वाट बघणारी गावं. फरक एवढाच की त्यांच्याकडं प्रकल्प आले.

काकांना विचारलं, जमीन गेली का तुमची? बाहेर बोट दाखवत म्हणाले, "हे दिसतंय ना, हे सगळं भात आणि मीठ होतं." एवढंच. मग बराच वेळ गप्प.

पुढचं मी वाचलेलं आहे, तुम्हीही वाचा. बंदरासाठी आणि शहरासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या तेव्हा दिलेला भाव इतका कमी होता की माणसं पेटली. जासईचेच दि. बा. पाटील पुढारी होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर पुढं साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे ज्याची जमीन घेतली त्याला तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत. पुढं विमानतळाच्या वेळी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलं. भूसंपादनात शेतकऱ्याला पैशाबरोबर विकसित जमिनीत वाटा, या विचारामागं ते पाच जण आहेत. म्हणूनच २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. बाहेरच्यांना तो नुसता नावाचा वाद वाटला.

आणि कोळी? त्यांच्या नावावर सातबारा नसतो. खाडी कोणाच्या नावावर असते? बंदरासाठी ऐंशीच्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला आणि माणसं उरणला हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसवली. तिथं घरांना वाळवी लागली. पुनर्वसनाच्या पुनर्वसनासाठी ती माणसं वर्षानुवर्षं भांडत राहिली. साडेबारा टक्क्यांचा हिशोब शेतजमिनीचा, तो समुद्राला लागू होत नाही.

तर समुद्रावरून जाणाऱ्या त्या ट्रेनचं बिल असं आहे. थोडं रेल्वेनं भरलं, जास्त सिडकोनं जमीन विकून भरलं, थोडं प्रवाशानं अधिभारातून, आणि राहिलेलं गावांनी. गावांचा हप्ता सगळ्यात आधी वसूल झाला आणि त्यांना गाडी सगळ्यात शेवटी मिळाली.

आता आपल्याकडं वळू.

सिडको आपल्यालाही नवी नाही. १९७२ पासून ती आपल्या शहरात आहे. एन-१ पासूनचे सगळे सेक्टर तिनेच पाडले. मध्यमवर्गाला परवडतील अशी हजारो घरं दिली, हे कबूल करावंच लागेल. आपले कितीतरी शिक्षक, कारकून, एसटीवाले तिथं राहतात. २००६ मध्ये ती वसाहत महापालिकेकडं गेली. पण इथं जमिनीच्या वाढलेल्या भावातून रूळ टाकायचा विचार झाला नाही. शहराचं स्टेशन १९०० सालचं, निजामाच्या रेल्वेचं. शहर चारी बाजूंनी फुगलं. शेंद्र्याहून वाळूजला कामाला जाणारा माणूस आजही दुचाकीवर किंवा कंपनीच्या बसमध्ये.

आणि खुलताबाद? शहरापासून २५ किलोमीटर. मध्ये दौलताबादचा घाट आणि किल्ल्याची ती जुनी वेस, जिच्यातून एका वेळी एक मोठी गाडी जेमतेम निघते. शनिवारी भद्रा मारुती, श्रावणी सोमवारी घृष्णेश्वर, सुट्टीत लेण्या. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारा किती वेळ लागतो. वेरूळवरून चाळीसगावला रेल्वे न्या, ही मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आमच्या वडिलांनीही ऐकली असेल.

मराठवाड्यात रेल्वे कशी येते ते बीडकरांना विचारा. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. बीडला पहिली गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. तिथं निम्मा खर्च राज्य सरकारनं उचललाय, तो बजेटमधून. बजेटमधून येणारा पैसा दरवर्षी मागावा लागतो आणि दरवर्षी कोणीतरी आपल्यापेक्षा जोरात मागणारा असतोच.

पण भाव आपल्याकडंही वाढलाय, बरं का. समृद्धी महामार्ग झाला, माळीवाड्याला चढा-उतरायची सोय झाली आणि दौलताबादपासून वेरूळपर्यंत रस्त्याला लागून असलेली जमीन सोन्याच्या भावात गेली. हॉटेल, रिसॉर्ट, फार्महाऊस, "एनए प्लॉट"चे बोर्ड. माझ्या चुलत्यांनी रस्त्याकडंची दोन एकर काही वर्षांपूर्वी एका दलालाला दिली. मुलीचं लग्न होतं, विहिरीचं कर्ज होतं. जमीन एकराच्या भावात गेली. आज तीच जमीन गुंठ्याच्या भावात विकली जातेय आणि चुलते शेजारच्याच हॉटेलात वॉचमन आहेत. खोटं सांगत नाही, माझ्या घरातली गोष्ट आहे.

आता हिशोब लावा. नवी मुंबईत भाव वाढला तो निदान सिडकोच्या हाती आला, म्हणून त्यातून रेल्वे तरी झाली आणि शेतकऱ्यानं रक्त सांडून साडेबारा टक्के तरी घेतले. आपल्याकडं भाव वाढला, पण सरकारकडं फक्त मुद्रांक शुल्क गेलं, शेतकऱ्याकडं एकराचे पैसे गेले आणि बाकी सगळं मधल्यांनी नेलं. ना रेल्वे, ना साडेबारा टक्के. समृद्धीच्या वेळी सुरुवातीला जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंडाचा पर्याय होता, पण बहुतेकांनी रोख घेतली. त्यांना दोष देता येणार नाही. सरकारच्या कागदावरच्या भूखंडापेक्षा बँकेतले पैसे खरे वाटणारच. उरणची वाळवी लागलेली घरं आठवा.

न्यूयॉर्कचंही एक उदाहरण सांगतो. तिथं जमैका खाडीवरून रॉकअवे नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीला रेल्वे जायची, खाजगी कंपनीची. १९५० मध्ये खाडीवरचा लाकडी पूल जळाला. कंपनीला तो पुन्हा बांधण्यात रस नव्हता. तेव्हा महापालिकेनं तो मार्ग विकत घेतला, पूल बांधला आणि १९५६ मध्ये शहराची मेट्रो तिथवर नेली. २०१२ च्या वादळात रूळ वाहून गेले, तर पुढच्या वर्षी मे महिन्यात गाडी पुन्हा सुरू. तिकडं सगळं आलबेल आहे असं नाही. पण शहरानं एकदा "ही आमची वस्ती" म्हटलं की खाडी आड येत नाही. आपल्याला तर खाडीही नाही, एक घाट आहे.

मग मागायचं काय? मला वाटतं ते सांगतो, पटलं नाही तर भांडा.

एक. रेल्वे येईल तेव्हा येईल, आधी एसटी. खुलताबाद-शहर ठरलेल्या वेळेला, पहाटेपासून रात्रीपर्यंत, निदान अर्ध्या तासाला. आणि दौलताबाद स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळेला जोडून बस. स्टेशन आपल्यापासून घाटाखाली आहे, पण तिथं उतरून घरी यायचं कसं? याला भूसंपादन लागत नाही, इच्छा लागते.

दोन. वेरूळ-चाळीसगाव रेल्वेची मागणी करताना फक्त "द्या" म्हणू नका. पैसा कुठून, हेही सांगा. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरला जमीन-घर खरेदीवर मेट्रोसाठी एक टक्का जास्त मुद्रांक शुल्क घेतात. पर्यटन पट्ट्यात रिसॉर्टसाठी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांवर असा अधिभार लावा आणि तो याच पट्ट्यातल्या वाहतुकीसाठी राखून ठेवा. राहतं घर आणि शेती मात्र यातून वगळा.

तीन. मार्गाची रेघ नकाशावर उमटायच्या आधी गावाला कळली पाहिजे. दलालाला आधी कळते आणि शेतकऱ्याला नोटीस आल्यावर कळते, हे थांबलं पाहिजे. २०१३ च्या कायद्यानं मोबदला वाढला, चांगलं झालं. पण मोबदला ज्याच्या नावावर सातबारा त्याला मिळतो. ज्यानं आधीच दलालाला विकली त्याला काहीच नाही. म्हणून रस्त्याकडंची जमीन विकायच्या आधी घरात बसून एकदा तरी चर्चा करा. गरज असेल तर विका, पण सगळी विकू नका.

चार. संपादन झालंच तर रोख रकमेबरोबर विकसित जमिनीतला वाटा मागायचा, आणि तो गाडी सुरू व्हायच्या आधी हातात. ज्यांच्याकडं जमीनच नाही, लेण्यांपुढं पेरू-सीताफळ विकणारे, टांगेवाले, मजूर, त्यांचं नाव पहिल्या यादीत पाहिजे. कोळ्यांचं झालं ते यांचं व्हायला नको.

वेरूळ, कागजीपुरा, सुलीभंजन, म्हैसमाळवाल्यांनो, १ मे ची ग्रामसभा आहे. रस्त्याकडंची किती जमीन मागच्या पाच वर्षांत गावाबाहेरच्यांच्या नावावर गेली, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. तलाठ्याकडं फेरफार असतात, उत्तर देता येतं. खुलताबादकरांनी हाच प्रश्न नगर परिषदेत आणि तहसीलला द्यावा. मी माझा अर्ज सोमवारी देतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकीन, आलं नाही तर तेही टाकीन.

कमेंटमध्ये पक्षांची नावं घेऊन भांडू नका. त्यापेक्षा तुमच्या शिवारातली रस्त्याकडंची जमीन कधी आणि कोणत्या भावात गेली ते लिहा. नाव नको, फक्त गाव आणि साल. यादी करू.